नोंदवहीतल्या कोऱ्या चौकटी

महाराष्ट्रातील ३४ जिल्हा परिषदा, ३५१ पंचायत समित्या, सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आणि शहरांतील महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायती मिळून लोकजीवनाची जेवढी माहिती रोज लिहून ठेवतात, तेवढी माहिती एखादे विद्यापीठ किंवा संशोधन संस्था क्वचितच गोळा करू शकेल. जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टीची आकारणी, बालकांचे लसीकरण, अंगणवाडीतील वजने, शाळेची हजेरी, पिण्याच्या पाण्याचे तपासलेले नमुने, उन्हाळ्यातल्या टँकरच्या खेपा असे हे दप्तर ग्रामसेवक (ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक आणि पालिकेचे आरोग्य व स्वच्छता निरीक्षक वर्षानुवर्षे सांभाळत असतात. मात्र त्यातील बहुतेक माहिती लिहिली जाते ती वर पाठवण्यासाठी. गावातून आकडे तालुक्याला जातात, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून मंत्रालयात. उलट दिशेने परिपत्रके आणि उद्दिष्टे येतात. ज्याने आकडा लिहिला त्याने त्या आकड्याला प्रश्न विचारावा, उत्तर शोधावे आणि त्या शोधासाठी त्याला वेळ व पैसा मिळावा, अशी सोय या ये-जा करणाऱ्या कागदांमध्ये फारशी कुठे दिसत नाही. ही सोय कशी करता येईल याचा विचार होणे निकडीचे आहे, कारण प्रश्नाच्या सर्वांत जवळ उभा असलेला माणूसच सध्या संशोधनाच्या सर्वांत बाहेर उभा आहे.

येथे ‘संशोधन’ हा शब्द नेमक्या अर्थाने घ्यायला हवा, कारण कार्यालयीन भाषेत सर्वेक्षण, अहवाल, मूल्यमापन आणि संशोधन हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. सर्वेक्षणात काय आहे ते मोजले जाते. अहवालात काय केले ते सांगितले जाते. मूल्यमापनात ठरवलेले साध्य झाले की नाही हे पाहिले जाते. संशोधनाची सुरुवात मात्र ज्याचे उत्तर अगोदर ठाऊक नाही अशा प्रश्नापासून होते, आणि ते उत्तर कोणत्या रीतीने काढायचे हे माहिती हाती येण्यापूर्वी लिहून ठेवले जाते, म्हणजे उत्तर गैरसोयीचे निघाले तरी रीत बदलता येत नाही. ‘अगोदर लिहून ठेवणे’ ही साधी अट पाळली की संशोधनाचे निम्मे शील सांभाळले जाते. या लेखी आराखड्याला संशोधन आराखडा म्हणतात आणि निधी मागण्याचा अर्ज हे बहुतांशी त्याचेच विस्तारलेले रूप असते.

स्थानिक संस्थेच्या नोंदवहीतून मोठे ज्ञान निघू शकते, याला मुंबईचाच जुना दाखला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे पहिले निदान करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मुंबई महानगरपालिकेचे निवडून आलेले सदस्यही होते. पुढच्या महिन्यांत प्लेगच्या नावावर नोंदले गेलेले मृत्यू आणि नेहमीच्या सरासरीहून जास्त झालेले एकूण मृत्यू यांत मोठी तफावत दिसू लागली, कारण घरातील आजारी माणसाला रुग्णालयात नेतील, घर रिकामे करायला लावतील या धास्तीने कुटुंबे खरे कारण लपवीत होती. साथ खरोखर केवढी आहे हे समजण्यासाठी रोगाच्या नावाची नोंद अपुरी पडली आणि एकूण मृत्यूंची साधी नोंद उपयोगी ठरली. पुढे १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील मलेरियाच्या कारणांवर जो अहवाल दिला, त्यात घरोघरच्या विहिरींमध्ये वाढणाऱ्या ॲनॉफिलिस स्टिफेन्सी या डासावर बोट ठेवले गेले, आणि विहिरी बुजवणे, झाकणे, पाण्याच्या टाक्या डासबंद ठेवणे हे पालिकेच्या कामाचे कायमचे अंग झाले. या दोन्ही प्रसंगांत नगराचे दप्तर आणि प्रशिक्षित जिज्ञासा एकमेकांना भेटली होती. पुढच्या काळात दोन्ही गोष्टी वाढल्या, पण त्या वेगवेगळ्या इमारतींत वाढल्या. मुंबई महानगरपालिका स्वतः वैद्यकीय महाविद्यालये चालवते, त्यांपैकी सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय १९२६ पासूनचे आहे, आणि तिथे रीतसर संशोधन होते. परंतु त्याच पालिकेच्या वॉर्डातील आरोग्यकेंद्रात फिरत्या पायांनी नोंद घेणाऱ्या आरोग्यसेविकेला ते संशोधन आपले वाटावे अशी वाट अजून घडलेली नाही.

ग्रामीण भागात संशोधन हा शब्द जर कुठल्या स्थानिक कर्मचाऱ्याला अंगवळणी पडला असेल, तर तो प्राथमिक शिक्षकाला. शिक्षक-प्रशिक्षणात ‘कृतिसंशोधन’ शिकवले जाते. कर्ट ल्युइन यांनी १९४६ मध्ये मांडलेली आणि स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या पुस्तकाने शाळांपर्यंत नेलेली ही कल्पना अशी की, जो काम करतो त्यानेच आपल्या कामातील अडचण घ्यावी, उपाय योजावा, परिणाम मोजावा आणि त्यानुसार काम सुधारावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था त्यासाठी मार्गदर्शन करतात आणि राज्य पातळीवर नवोपक्रमांच्या स्पर्धाही होतात. हा पाया मोलाचा आहे. परंतु त्यावर पुढचे बांधकाम झालेले नाही, आणि ते कुठे थांबले हे एका नमुन्यावरून नीट दिसते. समजा, तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी न येणारी १२ मुले शिक्षकाने पूर्वचाचणीतून निवडली. सर्वांना १० पैकी ४ पेक्षा कमी गुण होते. त्याने काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या वापरून सहा आठवडे सराव घेतला, उत्तरचाचणीत सरासरी ७ वर गेली आणि उपक्रम यशस्वी ठरल्याचे लिहिले. काड्यांचा उपयोग झालाही असेल, पण एवढ्या पुराव्यावरून ते म्हणता येत नाही. एक तर सहा आठवड्यांत मुले एरवीही काहीतरी शिकलीच असती. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे: कोणत्याही चाचणीत काही मुले त्या दिवशी ताप आल्याने, घाबरल्याने किंवा उशिरा पोचल्याने आपल्या खऱ्या पातळीहून खाली जातात, आणि केवळ कमी गुणांवरून निवड केली की अशी मुले हटकून निवडली जातात, पुढच्या चाचणीत ती आपल्या नेहमीच्या पातळीवर परत येतात आणि काहीही न करता सरासरी वाढलेली दिसते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. याला उपाय महागडा नाही. त्याच केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, दुसऱ्या शाळेत तशीच १२ मुले निवडावीत, त्यांना नेहमीप्रमाणे शिकवले जावे, दोन्हीकडे त्याच दिवशी चाचण्या व्हाव्यात आणि सहा आठवड्यांनंतर दुसऱ्या शाळेतही काड्या सुरू कराव्यात, म्हणजे कोणावर अन्यायही होत नाही. शिक्षण परिषदेत महिन्याला भेटणाऱ्या दोन शिक्षकांनी ठरवले तर होईल इतके हे सोपे आहे, मात्र तुलनेचा गट का लागतो हे त्यांना कोणीतरी उलगडून सांगितलेले असायला हवे.

आरोग्याच्या कामात हीच गोष्ट अधिक गंभीर होते. बीड जिल्ह्यासारख्या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात, नवरा-बायकोचा ‘कोयता’ कारखान्याच्या फडावर जातो, सोबत लहान मुले जातात, आणि चैत्राच्या सुमारास टोळ्या परततात. अशा गावांच्या एखाद्या उपकेंद्रात आरोग्यसेविका बसली आहे असे धरावे. तिच्या नोंदवहीत २४ महिने पूर्ण झालेली ८० बालके आहेत. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो, आणि त्या रकान्यात ५६ नावांपुढे तारीख आहे, २४ चौकटी कोऱ्या आहेत. मासिक बैठकीत तिचे काम ७० टक्के ठरते, तिला खुलासा विचारला जातो, आणि विषय तिथे संपतो. वास्तविक विषय तिथे सुरू व्हायला हवा. कोरी चौकट म्हणजे डोस मिळाला नाही असे नसते. कोरी चौकट म्हणजे ठाऊक नाही असे असते. तिने त्या २४ घरी जाऊन माता-बाल संरक्षण कार्डे पाहिली, आणि समजा असे आढळले की ९ कुटुंबे कायमची गाव सोडून गेली आहेत, ८ बालकांना डोस कारखान्याच्या परिसरातल्या दुसऱ्या आरोग्य केंद्रात मिळाला आहे आणि ७ बालकांना खरोखर मिळालेला नाही. आता भागाकार बदलतो. अंशात ५६ आणि ८ मिळून ६४. छेदात गावात राहणारी ७१ बालके. म्हणजे प्रमाण ७० टक्के नव्हे, ९० टक्के. संशोधनाच्या भाषेत छेद म्हणजे ज्यांच्याविषयी प्रश्न विचारला आहे त्या सर्वांची मोजणी, आणि छेद चुकला की पुढचे सगळे चुकते, मग संगणकप्रणाली कितीही महाग असो.

इतक्यावर समाधान मानले तर मात्र चांगल्या आकड्याआड खरी गोष्ट दडून राहील. त्या ७१ पैकी २० बालके ऊसतोड कुटुंबांतली आहेत आणि डोस चुकलेल्या ७ पैकी ६ त्यांच्यातली आहेत असे निघाले, तर ऊसतोड कुटुंबांत १०० मागे ३० बालके वंचित आणि बाकीच्या ५१ बालकांत अवघे एक, म्हणजे १०० मागे २, असे चित्र उभे राहते. सरासरी ९० टक्के हा आकडा या दोघांपैकी कोणाचेच वर्णन करीत नाही. येथे घाईने ‘स्थलांतरामुळे लस चुकते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण हीच कुटुंबे जर उपकेंद्रापासून दूरच्या तांड्यावर राहत असतील, तर कारण स्थलांतर आहे की अंतर हे अजून उलगडलेले नाही. तपासायच्या कारणाशी ज्या दुसऱ्या कारणाची अशी गुंतागुंत होते, त्याला गोंधळकारक घटक म्हणतात आणि ती गुंतागुंत सोडवण्यासाठी तांड्यावरची पण ऊसतोडीला न जाणारी कुटुंबे शोधून त्यांच्याशी तुलना करावी लागते. तशी कुटुंबे एका उपकेंद्रात तीन-चारच सापडतील. शिवाय २० पैकी ६ हा आकडाही नाजूक आहे, कारण केवळ दोन बालकांची स्थिती वेगळी निघाली तरी प्रमाण २० किंवा ४० टक्क्यांवर जाते. म्हणून एका उपकेंद्राच्या वहीत जन्मलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी तालुक्यातल्या सगळ्या उपकेंद्रांच्या वह्या, एकसारखे प्रश्न, घरभेटींसाठी प्रवास, माहिती भरणारा माणूस आणि संख्याशास्त्र जाणणारा सल्लागार लागतो. निधीची गरज येथून सुरू होते. प्रश्न निघण्याआधी निधी शोधत बसणे ही उलटी वाट आहे, आणि ती दुर्दैवाने बरीच वहिवाटीची झाली आहे.

संशोधनाचा पैसा म्हटले की उपकरणे, छापील प्रश्नावल्या, टॅबलेट, परिषदेचा प्रवास अशा गोष्टी डोळ्यांपुढे येतात. स्थानिक संस्थेतील कर्मचाऱ्याच्या बाबतीत निधीने सर्वांत आधी विकत घ्यायची गोष्ट म्हणजे त्याचा वेळ. आरोग्यसेविकेचा आठवडा लसीकरण सत्र, गृहभेटी, ऑनलाइन नोंदी आणि बैठका यांनी अगोदरच भरलेला असतो, आणि त्यात ‘संशोधन’ हे आणखी एक काम म्हणून टाकले तर ते रात्री घरी होईल किंवा होणारच नाही. भारतात प्रकल्पनिधीची रूढ पद्धत अशी की प्रकल्पासाठी कंत्राटी कर्मचारी नेमले जातात, विभागातील कायम कर्मचारी त्यांना माहिती पुरवतात, आणि मुदत संपली की कंत्राटी मुलगा किंवा मुलगी शिकलेले कौशल्य घेऊन निघून जाते. पुढच्या प्रकल्पाला पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते. संस्थेची क्षमता वाढवायची असेल तर कंत्राटी माणसाने नेहमीचे काम उचलावे आणि कायम कर्मचाऱ्याला आठवड्याचे दोन दिवस प्रश्नासाठी मोकळे करावे, अशी मांडणी अंदाजपत्रकातच करायला हवी.

इंग्लंडमध्ये याच तत्त्वावर एक मोठा प्रयोग चालू आहे आणि तो येथे तपशिलाने पाहण्याजोगा आहे. तिथे एप्रिल २०१३ मध्ये सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी राष्ट्रीय आरोग्य सेवेकडून स्थानिक परिषदांकडे आली. आरोग्य घडते ते रुग्णालयाबाहेर, म्हणजे घर, रोजगार, रस्ता, शाळा, हवा यांतून, आणि ही खाती परिषदांकडे असल्याने हा बदल तर्काला धरून होता. पण परिषदांमध्ये संशोधनाची सवय, माणसे व व्यवस्था रुग्णालयांसारखी नव्हती. तेथील राष्ट्रीय आरोग्य व काळजी संशोधन संस्थेने २०२२ मध्ये ५ कोटी पौंडांची योजना जाहीर करून १३ ठिकाणच्या स्थानिक शासनांना ‘आरोग्य निर्धारक संशोधन सहयोग’ या नावाची केंद्रे उभारण्यासाठी निवडले. ब्रॅडफर्ड, डॉनकास्टर, प्लिमथ, न्यूकॅसल, लंडनमधील लॅम्बेथ आणि इंग्लंडबाहेरचे, स्कॉटलंडमधील ॲबर्डीन ही त्यांपैकी काही. एका केंद्राला पाच वर्षांत ५० लाख पौंडांपर्यंत रक्कम मिळू शकते. रकमेपेक्षा तिची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. पैसा विद्यापीठाकडे जाऊन त्यातला वाटा परिषदेला मिळण्याऐवजी येथे करार परिषदेशी होतो आणि विद्यापीठ तिचा भागीदार असते, त्यामुळे कोणता प्रश्न आधी घ्यायचा हे परिषदेच्या गरजेवर ठरू शकते. त्याच संस्थेच्या वैयक्तिक अभ्यासवृत्तींत स्थानिक शासनातील कर्मचारी नोकरी न सोडता पीएच.डी.ची पूर्वतयारी किंवा प्रत्यक्ष पीएच.डी. करू शकतो आणि त्या काळातील पगाराचा भार अभ्यासवृत्ती उचलते. म्हणजे वेळ विकत घेणे हे येथे योजनेच्या नियमांत लिहिले गेले आहे. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेचे उत्पन्न, अधिकार आणि मनुष्यबळ यांची तुलना इंग्लंडच्या परिषदेशी होणार नाही हे खरे. पण करार कोणाशी आणि पगार कोणाचा, या दोन प्रश्नांना श्रीमंती लागत नाही.

कमी खर्चाचा आणि भारताला परिचित असलेला दुसरा नमुना म्हणजे ‘सॉर्ट इट’ या नावाने ओळखला जाणारा कार्यवाही-संशोधनाचा अभ्यासक्रम. कार्यवाही-संशोधन म्हणजे नवे औषध किंवा नवी लस न शोधता, उपलब्ध उपाय लोकांपर्यंत का पोचत नाही आणि कसा पोचेल याचा अभ्यास. क्षयरोगावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी २००९ मध्ये तो सुरू केला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेतील उष्णकटिबंधीय रोगांविषयीच्या विशेष कार्यक्रमाने त्याचे समन्वयन केले, आणि भारतात क्षयरोग कार्यक्रमातील कर्मचाऱ्यांनीही हे प्रशिक्षण घेतले आहे. त्याची रचना कडक आहे. पहिल्या टप्प्यात प्रश्न व आराखडा, दुसऱ्यात माहितीची नोंद व विश्लेषण, तिसऱ्यात शोधनिबंधाचे लेखन. प्रत्येक टप्प्याअखेर ठरलेले काम ठरलेल्या मुदतीत दाखल करावे लागते आणि ते न केल्यास पुढच्या टप्प्यात प्रवेश मिळत नाही. शिकणाऱ्याच्या शेजारी अनुभवी मार्गदर्शक बसतो आणि बहुतेक प्रश्न कार्यक्रमाच्या उपलब्ध नोंदींवर बेतलेले असतात, त्यामुळे माहिती गोळा करण्याचा खर्च वाचतो. दोन दिवसांच्या कार्यशाळेत शंभर स्लाइड दाखवून प्रमाणपत्र देण्याची जी पद्धत प्रशिक्षणवर्गांत रुळली आहे, तिच्यापेक्षा एक प्रश्न शेवटपर्यंत नेण्याची ही शिस्त अधिक टिकाऊ आहे. पुण्याची यशदा किंवा १९२६ पासून काम करणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासारख्या प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना ही रीत सहज उचलता येईल.

निधी मागायचा कोणाकडे, हा पुढचा प्रश्न. सामाजिक विषयांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि आरोग्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद हे देशातील प्रमुख स्रोत आहेत. त्यांच्या योजनांत मुख्य संशोधक, म्हणजे संशोधनाची सर्व जबाबदारी घेणारी व्यक्ती, साधारणतः मान्यताप्राप्त विद्यापीठ, महाविद्यालय किंवा संशोधन संस्थेतील असावी अशी अपेक्षा असते, त्यामुळे जिल्हा परिषदेचा कर्मचारी एकटा अर्ज घेऊन उभा राहू शकत नाही. म्हणून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा सामाजिक वैद्यकशास्त्र विभाग किंवा अभियांत्रिकी महाविद्यालय सोबतीला घ्यावे लागते. राज्यात या सोबतीला शासकीय आधारही मिळाला आहे. १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या मुंबईच्या आयआयटीतील ‘सितारा’ केंद्राच्या अनुभवातून २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान आकाराला आले आणि तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातील पाणीपुरवठा, ऊर्जा, सार्वजनिक वाहतूक अशा प्रश्नांवर प्रशासनासोबत अभ्यास करावेत असा त्याचा हेतू होता. या भागीदारीत एक धोका मात्र जागेपणी टाळावा लागतो: प्राध्यापकाने प्रश्न ठरवायचा, विद्यार्थ्याने माहिती गोळा करायची आणि कर्मचाऱ्याने फक्त दप्तर उघडून द्यायचे, अशी वाटणी झाली तर नाव भागीदारीचे राहते आणि काम माहिती पुरवण्याचेच. कर्मचारी सहसंशोधक म्हणून अर्जात नावाने आला पाहिजे आणि निघणाऱ्या निबंधावरही त्याचे नाव असले पाहिजे.

अर्जाचे लेखन हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि कार्यालयीन प्रस्ताव लिहिण्याची सवय तिथे अनेकदा आड येते. कार्यालयीन प्रस्ताव समस्येची तीव्रता पटवून देतो. परीक्षक मात्र ती मान्य करूनच वाचायला बसलेला असतो आणि त्याला दुसरेच जाणून घ्यायचे असते. या प्रश्नावर आजवर काय माहीत झाले आहे, कोणते माहीत नाही, ही विशिष्ट माणसे हा विशिष्ट अभ्यास का करू शकतील, किती बालकांची किंवा घरांची माहिती घेतली तर उत्तर भरवशाचे ठरेल, आणि उत्तर मिळाल्यावर कोण कोणता निर्णय बदलणार आहे, हे त्याला पाहायचे असते. शेवटच्या मुद्द्यावर स्थानिक कर्मचारी विद्यापीठाच्या कित्येक पावले पुढे असतो, कारण निर्णय घेणारा गट विकास अधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकारी त्याच्याच इमारतीत बसतो. ‘तालुक्यातील लसीकरणाची स्थिती अभ्यासणे’ असे मोघम उद्दिष्ट लिहिण्याऐवजी ‘ऊसतोडीला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या कुटुंबांतील २४ ते ३५ महिने वयाच्या बालकांमध्ये गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसचे प्रमाण किती वेगळे आहे आणि घरापासून उपकेंद्राचे अंतर हिशेबात घेतल्यावर तो फरक किती उरतो’ असे लिहिले की अर्धा अर्ज झाला.

निधी मंजूर झाल्यावर खरी कसोटी लेखा विभागात लागते, आणि याविषयी प्रशिक्षणांत फार कमी बोलले जाते. बाहेरून आलेली संशोधनाची रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली घ्यायची, खर्चाला मान्यता कोणाची, ठराव लागतो का, उपयोगिता प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे अगोदर ठरलेले नसेल तर पहिला हप्ता खात्यात पडून राहतो. शासकीय वर्ष ३१ मार्चला संपते, तर ऊसतोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन मार्चअखेरच्या धांदलीतच उतरणीला लागतो. म्हणजे ज्या आठवड्यांत परतणाऱ्या कुटुंबांच्या घरभेटी व्हायच्या, त्याच आठवड्यांत खर्चाचा मेळ घालण्याची घाई असते. त्यात बदल्यांची भर. ज्या आरोग्यसेविकेने प्रश्न उभा केला तिची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली तर अभ्यास कोणाचा राहणार, याचे उत्तर जिल्हा परिषदेने मंजुरीच्या वेळीच लेखी दिले पाहिजे. इंग्लंडमधील केंद्रांना पाच वर्षांची मुदत मिळते तिचे महत्त्व येथे कळते. संशोधनासाठी जिल्हा स्तरावर एखादा छोटा कायमचा कक्ष असावा, त्यात एक संख्याशास्त्र जाणणारा, एक लेखा जाणणारा आणि एक अर्जलेखनाला मदत करणारा माणूस असावा, ही मागणी फार मोठी नाही. जिल्ह्याच्या एखाद्या रस्त्याच्या डागडुजीहून तिचा खर्च कमी असेल.

नैतिकतेचा प्रश्न स्थानिक कर्मचाऱ्याच्या बाबतीत निराळ्याच रूपाने येतो. माणसांवरील आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि नैतिकता समितीची मान्यता व माहिती देणाऱ्याची समजून-उमजून दिलेली संमती या दोन गोष्टी त्यांच्या केंद्रस्थानी आहेत. विद्यापीठातून आलेल्या अनोळखी मुलीला ‘नाही’ म्हणणे गावकऱ्याला सोपे जाते. ज्या सेविकेकडून आपल्या बाळाला लस आणि खाऊ मिळतो, जिच्या सहीवर लाभ अवलंबून आहे, तिला तो नकार देऊ शकेल का? कागदावर अंगठा उमटतो, संमती मात्र उमटलेली नसते. म्हणून संमती घेण्याचे काम शक्यतो दुसऱ्या गावच्या सेविकेने करावे, नकाराचा लाभावर परिणाम होणार नाही हे मराठीत आणि लागेल तिथे बंजारा किंवा इतर बोलीत सांगावे, आणि विश्लेषणाला जाणाऱ्या यादीतून नावे काढून टाकावीत. दुसरी नाजूक बाजू कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या सुरक्षेची आहे. तिच्याच अभ्यासातून जर असे निघाले की अहवालातला आकडा वास्तवाशी जुळत नाही, तर ते लिहिण्याचे धैर्य तिने एकटीने दाखवावे ही अपेक्षा अन्यायाची ठरते. अभ्यास सुरू होण्याआधीच वरिष्ठांनी ‘निष्कर्ष कोणताही निघाला तरी त्यावरून कोणाला खुलासा विचारला जाणार नाही’ असे लेखी आश्वासन दिले, तरच कोऱ्या चौकटी कोऱ्या म्हणून वहीत राहतील. नाहीतर त्या भरलेल्या सापडतील आणि प्रश्नच नाहीसा होईल.

अशा अभ्यासाचे उत्तर कोणत्या महिन्यात कोणाच्या हाती पडते, यालाही तितकेच वजन आहे. टोळ्यांचे ट्रॅक्टर दिवाळीनंतर निघतात. ऊसतोडीच्या कुटुंबांविषयीचा निष्कर्ष कोजागरीच्या सुमारास तालुक्याच्या बैठकीत ठेवला गेला, तर ज्या बालकांचा डोस पौष-माघात येतो त्यांची ड्यू लिस्ट, म्हणजे डोस देय असलेल्यांची यादी, मुकादमाच्या टोळीनुसार वेगळी काढता येते, काहींना जाण्यापूर्वीच डोस देता येतो आणि उरलेल्यांची यादी ज्या कारखान्याच्या हद्दीत ती टोळी कोप्या घालणार आहे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आधीच पोचवता येते. तोच निष्कर्ष मार्चअखेरच्या बांधीव अहवालात आला, तर चैत्रात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गावात शिरतात तेव्हा त्यांतल्या काही बालकांच्या डोसची वेळ टळून गेलेली असते, आणि सेविका पुन्हा त्याच रकान्यासमोर पेन घेऊन बसलेली असते.